यादीतलं निनावी यंत्र

डाग दिसला की आधी संशय घ्यायचा, हीच तिची नोकरी होती. ती एक्स-रे बघणारी डॉक्टर. घराच्या मागच्या खोलीत पडदे ओढून दोन मोठ्या स्क्रीनसमोर बसायची. दूरच्या एका छोट्या हॉस्पिटलातून फोटो यायचे आणि अर्ध्या तासाच्या आत तिने अहवाल पाठवायचा. वीस वर्षांत नजर अशी तयार झाली होती, की शेजारीण जरा जास्त गोड बोलली तरी हिच्या मनात पाल चुकचुकायची.

त्या वर्षी घरासमोरचा रस्ता खोदायला घेतला आणि इंटरनेटची केबल आठवड्यातून दोनदा तुटू लागली. म्हणून तिने राउटरमध्ये सिम कार्ड घालून घेतलं. केबल गेली की राउटर आपोआप मोबाइल डेटावर जायचा आणि त्याचा हिरवा दिवा नारिंगी व्हायचा. सिमला रोजचं माप ठरलेलं. ते संपलं की वेग मुंगीचा. तिच्या एकटीच्या कामाला ते माप संध्याकाळपर्यंत पुरून उरलं असतं. पण दुपारी तीन वाजताच ते संपायचं.

एका मंगळवारी छातीचा एक फोटो उतरता उतरता अडकला. वरच्या चार फासळ्या दिसत होत्या, खाली नुसता राखाडी रंग. पूर्ण फोटो यायला चाळीस मिनिटं गेली. फुप्फुसाभोवती हवा साठली होती, एक बाजू मिटून गेली होती. तिने घाईघाईने फोन लावला.

"आम्ही सुई घालून हवा काढली, मॅडम," तिकडचा डॉक्टर म्हणाला. "पेशंट आता ठीक आहे. पण तुमची फार वाट बघितली."

ते शेवटचं वाक्य तिला दिवसभर टोचत राहिलं.

संध्याकाळी तिने सगळ्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं. "दिवा नारिंगी झाला की व्हिडिओ बंद, डाउनलोड बंद. माझं काम सोडून काहीही चालायचं नाही."

नवरा कॉलेजात गणित शिकवायचा. त्याने मान डोलावली. मुलगी म्हणाली, "मी तर दुपारी घरातच नसते." सासरे ताटातून नजर न काढता म्हणाले, "मला त्यातलं काय कळतंय?"

तिथेच तिला संशय यायला हवा होता. सासऱ्यांनी चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. नुसत्या आवाजावरून कुठला ब्रेक झिजलाय हे सांगणारा माणूस, आणि त्याला यातलं काही कळत नव्हतं.

पण तिचा संशय आधी खालच्या मजल्यावरच्या शिंप्यावर गेला. त्याच्या दुकानात दिवसभर गाणी चालायची आणि हिला बघितलं की तो उगाच हसायचा. तिने राउटरची यादी उघडली. कोणतं यंत्र जोडलंय, कुणी किती डेटा ओढला, सगळं त्यात दिसायचं. तिचा संगणक, तिघांचे फोन, आणि खाली एक निनावी यंत्र. नावाच्या जागी नुसते आकडे आणि अक्षरं. जवळजवळ सगळा डेटा तेच खात होतं, रोज दुपारी दोन ते तीन.

तिने पासवर्ड बदलला आणि फक्त नवऱ्याला आणि मुलीला सांगितला. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता ते यंत्र यादीत पुन्हा हजर. म्हणजे शिंपी सुटला. पाणी घरातच मुरत होतं.

"तू कुणाला पासवर्ड दिलास का?" तिने मुलीला विचारलं.

"नाही," मुलगी म्हणाली, पण तिचे कान लाल झाले.

नवऱ्याने तर कानावर हातच ठेवले. मग ती त्याच्या कपाटात, दप्तरात, गाडीच्या डिकीतसुद्धा एखादा दुसरा फोन आहे का ते बघून आली. काही सापडलं नाही. सापडलं नाही म्हणून संशय आणखी वाढला. त्या रात्री नवऱ्याने विचारलं, "माझं दप्तर कुणी उचकलं?" तिने ऐकलंच नाही असं दाखवलं.

शुक्रवारी पुन्हा केबल तुटली. नवरा आणि मुलगी बाहेर होते. दोन वाजले, आणि निनावी यंत्राने डेटा ओढायला सुरुवात केली. तिने तत्काळ त्याची जोडणी तोडली आणि ती कान देऊन बसली.

सासऱ्यांच्या खोलीतून हळू आवाज आला, "अरे, गेलास कुठे?"

ती दारात जाऊन उभी राहिली. सासरे खिडकीशी एक पंखा उघडून बसले होते. समोर स्क्रूच्या डब्याला टेकवलेला टॅब होता. नातीने फुटला म्हणून टाकून दिलेला, पण काच बदललेला. तिला बघताच त्यांनी त्यावर वर्तमानपत्र ओढलं.

"बाबा, कुणाशी बोलत होता?"

"बोलत नव्हतो."

"आत्ता आवाज आला मला."

ते पान्हा पुसत बसले. मग म्हणाले, "धाकट्याशी."

ती चमकली. या घरात सासऱ्यांच्या धाकट्या भावाचं नाव अकरा वर्षं कुणी घेतलं नव्हतं. त्याने कुणाला न विचारता आईला वृद्धाश्रमात ठेवलं आणि ती तिथेच गेली. तेव्हा सासऱ्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की त्याचं तोंड पाहीन तर माझं नाव बदला.

"त्याला झटका आला," सासरे म्हणाले. "वाचा गेली. त्याच्या सुनेने तुझ्या लेकीला कळवलं. मीच तिला गप्प राहायला सांगितलं, तिला रागावू नकोस."

"मग तासभर करता काय? ते तर बोलत नाहीत."

"काही नाही. तो बसतो, मी माझं काम करतो. त्याला बघायला आवडतं."

तिने फोन काढला आणि तोडलेलं जोडून दिलं. टॅबवर एक म्हातारा दिसला, तोंडाची एक बाजू ओघळलेली. भाऊ दिसताच त्याने डावा हात वर केला.

"दिवा नारिंगी असला की हे बंद करावं लागेल का?" सासऱ्यांनी विचारलं. तिला त्या हॉस्पिटलातला फोन आठवला. होही म्हणवेना, नाहीही म्हणवेना.

"बघते," ती म्हणाली.

तिने त्या संध्याकाळी राउटरला नवे नियम लावले. सिमवर गेल्यावर तिचा संगणक आणि तो टॅब, एवढंच चालायचं. बाकी सगळं बंद. टॅबवर चित्र सगळ्यात लहान ठेवलं, त्याला रोजची मर्यादा घातली. चित्र धूसर झालं, पण तास पूर्ण व्हायचा आणि तिचे फोटोही वेळेत उतरायचे.

"आम्हाला बंदी आणि बाबांना सूट?" नवऱ्याने विचारलं. "त्यांना कशाला हवं इंटरनेट?"

"वैद्यकीय कारण आहे," ती म्हणाली. कुणाला न सांगण्याचा शब्द सासऱ्यांनी तिच्याकडून घेतला होता.

आता नवऱ्याला संशय आला. बाबांना काही झालंय आणि बायको लपवतेय, असं त्याच्या डोक्यात बसलं. तो वडिलांच्या औषधांच्या चिठ्ठ्या वाचू लागला. एका दुपारी कॉलेजातला तास बुडवून तो न कळवता घरी आला. तिला किल्लीचा आवाज आला, पण ती जागची उठली नाही.

नवरा वडिलांच्या दारात बराच वेळ उभा होता. मग त्याने स्टूल ओढलं आणि टॅबसमोर बसून म्हणाला, "काका, ओळखलंत का मला?"

सासऱ्यांनी टॅब जरा त्याच्याकडे वळवला.