तंबूतली एकोणीस मिनिटं

शेवटच्या दिवशी दाजींनी ओला टॉवेल तसाच खाली टाकला आणि मागे न बघता तंबूतून बाहेर पडले. ताई कुंपणापलीकडे उभी होती. तिनं घड्याळ बघितलं, परत बघितलं. चार मिनिटं. दरवर्षी पोहून आल्यावर कपडे बदलायला ह्या माणसाला अकरा मिनिटं लागायची.

"टाकला?" ती ओरडली.

"टाकला," दाजी सायकलवर टांग मारत म्हणाले. तोंड असं केलं होतं जसं काय कुणाचं लेकरू टाकून आलेत.

दाजी म्हणजे आमच्या ताईचे यजमान. चौतीस वर्षं लाँड्री चालवली. बसून कधी इस्त्री केली नाही आणि दुसऱ्याच्या कपड्याची घडी मोडलेली कधी बघवली नाही. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी दोरीवरचे वाळलेले कपडे काढून घड्या घालायचे, मग चहा. माणूस सरळ, पण हात ऐकत नव्हते.

ह्या माणसाला शर्यतीचं खूळ लागलं ते एका गिऱ्हाईकामुळे. कुणीतरी पोहायचा रबरी सूट धुवायला टाकला आणि दोन वर्षं न्यायलाच आला नाही. दाजी म्हणाले, हा धुतलाय खरा, पण स्वच्छ निघाला की नाही ते पाण्यात घालून बघितल्याशिवाय कसं कळणार. घातला. अंगाला बसला. तलावात उतरले आणि दोन तासांनी निघाले. ताई काठावर पोलिसांना बोलवायच्या तयारीत.

त्यानंतर थांबले नाहीत. लांब पल्ल्याची ट्रायथलॉन, म्हणजे जवळजवळ चार किलोमीटर पोहायचं, एकशे ऐंशी किलोमीटर सायकल, मग बेचाळीस किलोमीटर पळायचं, सगळं एका दिवसात. सूट कुणाचा, हौस कुणाची. चार वर्षं भाग घेतला. सगळ्यात चांगली वेळ पंधरा तास सहा मिनिटं. दाजींना एकच पाहिजे होतं, पंधराच्या आत यायचं. पहिला नंबर नको, बक्षीस नको. चौदा हा आकडा पाहिजे.

ताईनं चार वर्षांचे निकालाचे कागद जेवायच्या टेबलावर पसरले. पोहणं ठीक, सायकल ठीक, पळणं वयाच्या मानानं बरंच.

"अहो, ही एकोणीस मिनिटं कसली?"

"कपडे बदलतो ना. दोनदा."

"लोक दोनदा मिळून सहा मिनिटांत बदलतात. तुम्ही काय साडी नेसता का?"

दाजी हळूच म्हणाले, "तिथं फार पसारा असतो गं."

तेव्हा उलगडा झाला. हा माणूस तंबूत जाऊन आधी आपल्या कपड्यांच्या घड्या घालायचा, मग शेजारच्याच्या, मग बाकावर जे दिसेल त्याच्या. लोकांना वाटायचं हे तिथले कामावरचेच काका. एकानं तर मोजे काढून हातात दिले आणि म्हणाला, संध्याकाळी घेतो.

मग ताईनं सराव लावला. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी शर्ट काढून जमिनीवर टाकायचा आणि दारापर्यंत चालत जायचं. पहिल्या दिवशी टाकला, दारापर्यंत गेले, म्हणाले पाणी पिऊन येतो. ताई आत जाऊन बघते तर शर्टाची घडी, वर कॉलर सरळ.

"पाणी कुठंय?"

"प्यायलो."

"ओठ कोरडे आहेत तुमचे."

तीन महिने लागले. शेवटी शर्ट पडलेला ठेवून नाश्ता करता यायला लागला, पण पाठ करून बसायचे.

तर त्या दिवशी पोहून आल्यावर चार मिनिटं आणि सायकलनंतर तीन. बारा मिनिटं वाचली. पळताना ताई रस्त्याकडेला स्टुलावर बसलेली, दर फेरीला ओरडून सांगायची. तिसाव्या किलोमीटरला दाजी तिच्यासमोर आले, घामाघूम, केळं हातात तसंच.

"बारा मिनिटं हातात आहेत, अजिबात थांबू नका."

"अगं तंबूत एक निळा शर्ट चिखलात पडलाय."

"कुणाचा?"

"माहीत नाही."

"मग पळा."

पळाले. पहाटे पाचला सुरू झालेली शर्यत, दाजींनी शेवटची रेघ ओलांडली तेव्हा वरच्या घड्याळात चौदा तास चोपन्न मिनिटं. ताईनं त्यांना धरलं. अंग थरथरत होतं पण हसत होते.

"चौदा आहे ना?"

"चौदाच आहे. बसा आता."

"आलोच."

"आता कुठं?"

"आलोच गं, पाच मिनिटांत."

तंबूतच गेले. तिथल्या बाईंना ते बाकाला टेकून बसलेले सापडले. शेजारी चाळीसएक टॉवेल चौकोनी रचलेले, मांडीवर निळा शर्ट, एक बाही आत, एक बाहेर. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं, त्रास झाला नसणार. मागची कनात उचलून स्ट्रेचर तिकडूनच बाहेर काढलं.

आठ दिवसांनी लेकीनं मोबाइलवर निकाल उघडला. सगळ्यांच्या नावापुढे वेळ होती. दाजींच्या नावापुढे लिहिलं होतं, शर्यत चालू, कपडे बदलत आहेत, आठ दिवस दोन तास. आणि सेकंद पुढे सरकत होते.

ताईनं दुसऱ्या दिवशी फोन केला.

"मॅडम, तुमचे मिस्टर अजून तंबूत आहेत," निकालवाले साहेब म्हणाले.

"ते वारले हो."

मग साहेबांनी समजावलं. स्पर्धकाच्या घोट्याला चिपचा पट्टा असतो. तंबूत शिरताना आणि निघताना जमिनीवर चटई असते, तिच्यावर पाय पडला की मशीन नोंद घेतं. दाजी रेघ ओलांडल्यावर पट्टा न देताच परत आत शिरले. मशीनला वाटलं माणूस अजून शर्यतीत आहे, आधीची वेळ बाजूला ठेवली. आणि बाहेर काढलं ते मागून, चटई नाहीच तिकडे.

"मग चौदा चोपन्न?"

"ते बाहेर पडल्याशिवाय मला देता येत नाही."

दवाखान्यानं पट्टा अंगठीबरोबर पिशवीत घालून दिला होता. शर्यतीनंतर अकराव्या दिवशी सकाळी ताई तो घेऊन त्यांच्या ऑफिसात गेली. साहेबांनी कपाटामागून चटई काढली. वायर पुरेना म्हणून ती बाथरूमच्या दारासमोर पसरली. तेवढ्यात आतून एक कारकून निघाला.

"थांबा, पाय देऊ नका," साहेब म्हणाले. तो बिचारा उंबऱ्यावर एका पायावर उभा.

"हातात धरून नेला तरी चालेल," साहेब ताईला म्हणाले.

ताईनं ऐकलं नाही. खाली बसून पट्टा स्वतःच्या घोट्याला बांधला. उठली. चटईपुढे थोडी थांबली. ती गेली की घड्याळ थांबणार होतं. कारकून भिंतीला धरून वाट बघत होता. मग ती दोन पावलांत चटई ओलांडून गेली. बारीकसं पीं वाजलं.

मशीनमधून कागद आला. एकूण वेळ, चौदा तास चोपन्न मिनिटं एकतीस सेकंद. त्याखाली आणखी एक ओळ, कपडे बदलणे, तिसरी वेळ, दहा दिवस पंधरा तास सोळा मिनिटं.

"हे चुकून आलंय," साहेब म्हणाले. "खोडून नवीन देतो."

"राहू द्या," ताई म्हणाली. "एवढा वेळ त्यांना लागतोच."

साहेबांनी तशीच सही केली आणि शिक्का मारला.