झटके थांबायची वाट

मैदानावरच्या दुखापतींवरील उपचारांचं प्रशिक्षण देणाऱ्या सिस्टर पहिल्याच तासाला डॉक्टरांना स्वतःची चूक सांगत. तरुणपणी त्यांच्यासमोर एक धावपटू कोसळला. हातपाय झटकत होता, म्हणून फिट आली असं समजून त्या झटके थांबायची वाट पाहत बसल्या. खरं तर त्याचं हृदय बंद पडलं होतं. धडधाकट पोरगा हातचा गेला.

"शुद्ध नाही, श्वास नीट नाही, तर झटक्यांकडे बघत बसू नका. छाती दाबायला लागा."

एका संध्याकाळी जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. "सिस्टर, आज सामन्यात एक मुलगी कोसळली. झटके येत होते, पण मी थांबले नाही. वाचली ती."

सिस्टर म्हणाल्या, "पुढच्या वर्गाला ये, बाई. माझी गोष्ट मी सांगेन, तुझी तू सांग."