आयतोबाची रांग

आयतोबाने स्वतःच्या हाताने पाण्याचा ग्लास भरून घेतलेला मी कधी पाहिला नाही. पांढरकवड्याला हायवेवर माझं ऑफिस आहे, तिथे तो कामाला होता. ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. माठ त्याच्या खुर्चीपासून दोन हातांवर. पण तो उठायचा नाही, हाकही मारायचा नाही. नुसता घसा खाकरायचा, आणि कोणीतरी पाणी आणून द्यायचं. पुष्कळदा मीच. मालक मी आणि ग्लास घेऊन उभाही मीच! ‘आयतोबा’ हे नाव मी त्याला रागाने ठेवलं, तर त्या निर्लज्जाने ते मोबाइलवर स्वतःच्या फोटोखाली लिहून टाकलं.

तो यवतमाळचा. घरात बाप वकील, आजोबा वकील. ताट समोर यायचं, पुस्तकं समोर यायची, कॉलेजचा प्रवेशही मामाने करून दिलेला. मी फुलसावंगीकडच्या बंजारा तांड्यावरचा. माझ्या याडीने, म्हणजे आईने, मला एकच शिकवलं होतं : लागेल ते आपण जाऊन आणायचं. मी टायरच्या दुकानात राबलो, मोबाइल दुरुस्त केले, त्याच मोबाइलवर व्हिडिओ पाहून प्रोग्राम लिहायला शिकलो. जे आणलं ते घासाघीस करून आणलं. अशा माणसाला समोर बसलेला आयतोबा रोज पाहायचा म्हणजे काय होतं, ते ज्याचं त्याला कळतं.

माझा प्रोग्रामही माझ्यासारखाच होता. गाडी गेटबाहेर सोडायची की नाही, हे तो ठरवायचा. कागदपत्रं, टायर, वजन, ताडपत्री, अशा सगळ्या तपासण्या त्याचा मुख्य भाग स्वतःच तयार करायचा आणि स्वतःच चालवायचा. त्या भागाला मी ‘गेट’ म्हणायचो. एक तपासणी वाढवायची तर अख्खं गेट उचकटावं लागायचं, आणि टायरचं नीट केलं की वजनाचं बिघडायचं. पण ते माझं होतं.

आयतोबाने ते वाचलं आणि खुर्चीत मागे रेलला. "भाऊ, तुमचं गेट लय धावते. सामान आणाले स्वतःच बाजारात जाते, अन् गाडी तशीच उभी. गेटानं जागेवर बसावं. लागते ते त्याले आणून द्यावं."

"तुह्यासारखं?"

"हो ना. माह्यासारखं."

मग त्याने प्रोग्राममध्ये कंटेनर बसवला. हायवेवरचा नव्हे, हा म्हणजे प्रोग्रामचा कोठीवाला. प्रत्येक तपासणीने त्याच्याकडे आपलं नाव नोंदवायचं. गेटाने एवढंच म्हणायचं, "मला सगळ्या तपासण्या दे," की कोठीवाला सगळी रांग हातात आणून ठेवतो. किती आहेत, कोणी लिहिल्या, गेटाला पत्ता नाही. नवी तपासणी आली तर तिने नाव नोंदवावं. गेटाला हातही लावायचा नाही.

मला हे पटत नव्हतं. तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, तुमच्या जुन्या लोकांची लदेणी आठवा. बैलांवर माल लादून तांडा निघे, तवा नायक घरोघरी जाऊन बैल सोडून आणे का? ज्याचा तो आपला बैल भरून रांगेत उभा करे. नायकाले फक्त रांग लागे."

माझ्या पणजोबांची गोष्ट हा वकिलाचा पोरगा मलाच शिकवत होता! मी विचारलं, "तुह्या पणजोबानं बैलाची शेपटी तरी धरली होती का बे?"

"नाही ना, भाऊ. त्यानं बैलाचे खटले लढवले."

मला हसू आलं, आणि ते आलं याचाही राग आला.

मग एका ट्रान्सपोर्टवाल्या शेटजींना प्रोग्राम दाखवायचा दिवस आला. त्यांच्या गाड्यांचं काम मी महिनाभर दरावरून भांडून मिळवलं होतं. आदल्या दिवशी मी आयतोबाचं गेट थोडं ‘सुधारलं’. सगळ्या तपासण्या एकदम मागणं मला उधळपट्टी वाटायची, म्हणून मी लिहिलं, "तपासणी दे." शेटजींनी मुद्दाम मुदत संपलेल्या कागदांची गाडी निवडली. ताडपत्री मात्र तिची झकास बांधलेली. पडद्यावर हिरवा दिवा लागला.

"वा रे वा!" शेटजी म्हणाले. "कागद मेले, अन् गाडी चालली हैदराबादले!"

आयतोबाने वाकून पाहिलं. "एक मागितली, भाऊ. एक मागितली का शेवटी नाव नोंदवलेलीच येते. ताडपत्री शेवटची होती. सगळ्या मागा ना, सगळ्या येतात." एक ओळ बदलली आणि दिवा लाल झाला. शेटजींनी थोपटली ती त्याची पाठ. "हा हिरा कुठून आणला?" त्या दिवसापासून शेटजींचा फोन सरळ त्याला. भाव करायला मी आणि कौतुकाला तो. ते अजून मला पचलेलं नाही.

नोकरीसुद्धा त्याच्याकडे चालत आली. पुण्यातल्या कुण्या मित्राने त्याचं नाव सांगितलं, कंपनीनेच फोन केला, कंपनीनेच तारीख ठरवली. साधा अर्जही केला नव्हता पठ्ठ्याने! मी म्हणालो, "थांब. पगार तू सांगशील तो."

तो माझ्याकडे पाहतच राहिला. "भाऊ, तुम्ही भाव न करता बोलून राह्यले. तब्येत बरी आहे ना?"

पण गेला. बस आली तेव्हा तो खिशात हात घालून उभा होता. बॅग मीच डिकीत ठेवली.

मागच्या महिन्यात शेटजींनी नवी तपासणी मागितली : ड्रायव्हर पुरेशी झोप घेऊन आला आहे का? आणि ती सगळ्यांच्या आधी हवी. मी मनातून खूश झालो. आयतोबाच्या रांगेत प्रत्येक तपासणीला क्रमांक होता, आणि गेट त्याच क्रमाने त्या चालवायचं. पहिल्या क्रमांकाच्या आधी कोणाला घुसवणार? आता अख्खी रांग मोडावी लागेल, आणि शेटजींना मी ते हिऱ्याचं काम दाखवीन.

रांग उघडली. त्याचे क्रमांक दहापासून सुरू होत होते.

मी तिथल्या तिथे फोन लावला. "पुढची जागा रिकामी काहून ठेवली बे?"

पलीकडे कोणीतरी म्हणालं, "सर, चहा." मग कप ठेवल्याचा आवाज आला.

"तुम्हाले सगळीकडं पहिला नंबर लागते ना, भाऊ," आयतोबा म्हणाला. "म्हटलं, राहू द्या."

मी फोन आपटला. मग माझी तपासणी लिहिली, कोठीवाल्याकडे तिचं नाव नोंदवलं. गेटाला हात लावला नाही. क्रमांक घातला, एक.