दिवेलागणीची उत्तरं

क्रांती माने संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली. रहिमतपुरात बायका तिच्या सासूला विचारायच्या, "सून करती तरी काय गं?" सासू म्हणायची, "मोजती." काय मोजते ते सासूला सांगता यायचं नाही, पण सून मोजल्याशिवाय कुणाचं काही ऐकत नाही एवढं तिला चांगलं ठाऊक होतं. लग्न ठरताना पत्रिका बघणाऱ्या गुरुजींना क्रांतीनं विचारलं होतं, छत्तीस गुण जुळलेली किती जोडपी सुखात आहेत त्याची काही नोंद ठेवलीय का? गुरुजी दक्षिणा न घेताच उठले. फौजेतला नवरा अमृत मात्र हसला आणि लग्न झालं.

अशी ही बाई सांगलीतल्या एका संशोधन प्रकल्पात नोकरीला लागली. प्रकल्पाचे प्रमुख डॉक्टर विश्वजीत, मनोविकारांचे मोठे जाणकार. त्यांनी परदेशातली एक प्रश्नावली मराठीत आणली होती. सगळे तिला पट्टी म्हणायचे, उदासी मोजायची पट्टी. बारा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बेरीज बाराच्या वर गेली की माणसाला डॉक्टरकडे पाठवायचं, खाली राहिली की घरी. पट्टी आपल्या माणसांवर खरी उतरते का ते तपासायचं होतं. उतरली, तर सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतल्या आरोग्य शिबिरांत तीच वापरली जाणार होती.

माणसं कमी, म्हणून आधी सहा महिने क्रांतीनंच घरोघर फिरायचं आणि मग तिनंच आकडेमोड करायची असं ठरलं. सृष्टी नावाच्या मुलीकडे मेढ्याकडची डोंगरातली गावं गेली. क्रांतीच्या वाट्याला आटपाडीच्या पुढचा कोरडा मुलूख आला, धनगरांच्या वस्त्या आणि डाळिंबाच्या बागा. तिथल्या बाया दिवसभर मेंढरांमागं नाहीतर बागेत, घरी सापडायच्या त्या दिवेलागणीलाच. गावात मुक्कामाची सोय होती, त्यामुळे क्रांतीला तीच वेळ सोयीची पडली.

तिथंच बयाबाई भेटली. साठीची, काटक, चेहरा उन्हानं रापलेला. क्रांती उंबरा ओलांडून आत आली आणि त्याच वेळी बयाबाईच्या सुनेनं देवापुढं दिवा लावला. सगळ्यांनी हात जोडले, क्रांतीनंही जोडले. सुनेनं तिला हळदीकुंकू लावलं, चहा दिला. मग क्रांतीनं कागद काढला.

"मावशी, झोप लागते का नीट?"

"लागती की. समदं बरं हाय."

"जेवण जातं का?"

"बरं हाय म्हन्ते न्हवं! लिव्ह की."

असं करत करत अकरावा प्रश्न आला. कागदावर छापलेलं होतं, "मरून गेलेलं बरं, असं तुमच्या मनात येतं का?" समोर दिवा तेवत होता, कपाळावरचं कुंकू अजून ओलं होतं. तिन्हीसांजेला वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, हे क्रांती लहानपणापासून ऐकत आलेली. पत्रिका न मानणाऱ्या त्या बाईची जीभ तिथं टाळ्याला चिकटली. तिनं बयाबाईकडं बघितलं, बरी दिसत होती. प्रश्न न वाचताच तिनं 'नाही'वर खूण केली आणि बाराव्यावर गेली.

त्या घरात केलं तेच पुढच्या घरात केलं. पट्टी दोन वेळा सारखंच मोजते का ते बघायला दोन आठवड्यांनी तीच घरं पुन्हा करायची होती. तेव्हाही दिवेलागण, तेव्हाही कुंकू, तेव्हाही 'नाही'. दोन्ही वेळा वेळेच्या रकान्यात तिनं घड्याळात बघून वेळ मात्र इमानदारीनं लिहिली.

सांगलीला येऊन आकडेमोड केली तर डॉक्टर विश्वजीत खुर्चीतून उठून उभे राहिले. पहिल्या खेपेचे आणि दुसऱ्या खेपेचे गुण जवळजवळ तंतोतंत जुळले होते. बाराही प्रश्न एकमेकांना धरून चालत होते. उदासीसाठी दवाखान्यात दाखल झालेले साठ रुग्ण आणि तिथलेच साठ कर्मचारी पट्टीनं अचूक वेगळे काढले होते. मेढ्याकडच्या लोकांचे गुण आटपाडीच्या दुप्पट आले, त्यावरही डॉक्टरांचं उत्तर तयार होतं. "डोंगरातला एकटेपणा! तरणी माणसं मुंबईला, म्हातारी मागे. यावर वेगळा लेख होईल."

क्रांतीला त्या दवाखान्याच्या परीक्षेचं हसूच आलं होतं. दाखल झालेला रुग्ण आणि डबा खाऊन कामावर आलेला कर्मचारी ओळखायला पट्टी कशाला हवी, वॉचमनसुद्धा सांगेल. अडचण मधल्या माणसांची असते, जी चालतात, बोलतात, भाकरी थापतात आणि आतून खचलेली असतात. पण शेवटची परीक्षा अजून बाकी होती.

दोन्हीकडची मिळून चाळीस माणसं प्राथमिक आरोग्य केंद्रांत बोलावली गेली. बाहेरून आलेल्या एका मनोविकारतज्ज्ञ बाईंनी प्रत्येकाशी तासभर बोलून निदान केलं. पट्टीचे गुण त्यांना मुद्दाम सांगितले नव्हते. त्यांना सोळाजण आजारी आढळले. पट्टीनं त्यांतले नऊच पकडले होते. सात निसटले होते.

त्या सातांत पहिलं नाव बयाबाईचं होतं. पट्टीवर गुण तीन. तज्ज्ञबाईंनी लिहिलं होतं, तीव्र उदासी, चार महिन्यांपासून मरणाचे विचार, लगेच उपचार सुरू करावेत.

चार महिने म्हणजे क्रांती तिथं चहा प्यायली त्याच्याही आधीपासून. तिनं बयाबाईचा कागद काढला. अकराव्या प्रश्नापुढं 'नाही'वरची खूण तिच्याच हातची होती, ठळक, न थरथरलेली. क्रांतीला स्वतःची अशी लाज वाटली की तिनं कागद उपडा ठेवला.

डॉक्टर विश्वजीत यांनी दुपारी बोलावलं. "ते सातजण वगळून टाका. नातेवाइकांबरोबर आले होते, मुलाखतीवर परिणाम झाला असणार. ते काढले की नऊपैकी नऊ. सोमवारी अहवाल प्रकल्पावर देखरेख करणाऱ्या समितीकडे जातोय."

"सातच का वगळायचे, सर? नातेवाईक तर चाळीसातल्या तीसजणांबरोबर होते."

"क्रांती, प्रत्येक अभ्यासात अपवाद असतात."

ती 'बघते' म्हणाली. रहिमतपूरला घरी आली तरी तिच्या कपाळावरची आठी जात नव्हती. सासरे लालासाहेब अंगणात बसले होते, सुभेदार म्हणून निवृत्त झालेला ऊसवाला माणूस. त्यांनी विचारलं तेव्हा तिनं अकराव्या प्रश्नाचं तेवढं गिळून बाकीचं सांगितलं. लालासाहेब म्हणाले, "अगं, कारखान्याचा काटा एकच ट्रॉली धा येळा तोलून धा येळा तेवढंच वजन दावंल. म्हून त्यो खरा व्हय? आमी आदी भायेरच्या काट्यावर तोलून मग आत जातो ते काय येडे म्हून? आन दोन काट्यांत फरक पडला, तर ट्रॉली न्हाई टाकून देत, काटा तपासाय लावतो."

क्रांती उठली आणि लॅपटॉप उघडून बसली. काटा तपासायचा म्हणजे कुठं तपासायचा? सात घरांत सारखं काय होतं? वय वेगळं, जात वेगळी, शिक्षण वेगळं. मग तिची नजर वेळेच्या रकान्यावर गेली. सातही मुलाखती संध्याकाळी सहा ते साडेसातमधल्या. तिनं सगळी घरं मुलाखतीच्या वेळेप्रमाणं लावली. सृष्टी मेढ्याकडं भर दुपारी जायची, कारण डोंगरातून परतीची शेवटची एसटी लवकर सुटायची. आटपाडीच्या बाजूला क्रांतीनंही सतरा घरं दुपारी केली होती, आजारी माणूस घरी होतं म्हणून किंवा बाजाराचा दिवस होता म्हणून. त्या सतरा घरांचे गुण मेढ्याइतकेच निघाले. डोंगर उदास नव्हता आणि माळही आनंदात नव्हता. एकाला दुपारी विचारलं होतं आणि दुसऱ्याला दिव्यासमोर.

आता पट्टी का जुळत होती तेही उघड झालं. सगळ्या प्रश्नांना 'बरं हाय' म्हणणारी बाई दोन आठवड्यांनी त्याच वेळी पुन्हा 'बरं हाय'च म्हणणार, आणि तिची बाराही उत्तरं एकमेकांना धरून राहणार. दिवा मधे होता तोवर सगळ्या चाचण्या छान पार पडणार होत्या.

सोमवारी ती तक्ता घेऊन डॉक्टरांपुढं उभी राहिली. त्यांनी तो नीट बघितला, माणूस हुशार होता. पण झाकली मूठ सव्वा लाखाची हेही त्यांना कळत होतं.

"योगायोग असू शकतो. वेळेवरून एवढा फरक पडत नाही. बाकी सोडा, अकरावा प्रश्न सरळ आहे. मरावंसं वाटतं का, याला माणूस वेळ बघून खोटं बोलेल?"

इथं गप्प बसली असती तर तिची नोकरी राहिली असती. तक्त्यानं हळूहळू कुणालातरी पटवलंही असतं कदाचित, पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी. तोवर शिबिरांत किती बयाबाया घरी पाठवल्या जातील याचा हिशेब तिनं रात्रीच केला होता.

"ती माणसं खोटं बोलली नाहीत, सर. मी विचारलंच नाही."

"काय?"

"संध्याकाळच्या एकाही घरात मी अकरावा प्रश्न वाचला नाही. देवापुढं दिवा लावलेला, मला कुंकू लावलेलं. जीभ उचलली नाही. मीच 'नाही' लिहिलं, दोन्ही खेपांना. म्हणून तो प्रश्न तुम्हाला सगळ्यांत जास्त जुळलेला दिसतोय."

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. "तुम्ही खोटी माहिती भरलीत. याचा अर्थ कळतो तुम्हाला? तुम्हाला पुन्हा कुठल्या संशोधनात कुणी उभं करणार नाही."

"कळतो. माझ्या नावानिशी लिहा अहवालात. पण ते सातजण जाग्यावरनं हलवायचे न्हाईत!" रागात तिची शहरी भाषा सुटली आणि तिनं ती सावरलीही नाही. "चुकले मी, आन काढून टाकायचं त्यास्नी? ते व्हणार न्हाई. तुमी काढलंसा तर मी समितीकडं जाईन."

"धमकी देताय?"

"न्हाई सर, सांगतीया. पत्र सकाळीच धाडलंय, तक्त्यासकट."

पुढं व्हायचं तेच झालं. समितीनं क्रांतीला कामावरून काढलं, कारणासहित, आणि ते योग्यच होतं. तिनं कुठं अर्ज केला नाही, कुणाच्या पाया पडली नाही. पण आटपाडीकडची सगळी घरं भरदिवसा, दिव्यापासून लांब, सगळे प्रश्न वाचून पुन्हा करा असाही हुकूम निघाला. ते काम सृष्टीनं केलं. नव्या मोजणीत पट्टी काही ठिकाणी तरली, काही ठिकाणी साफ पडली, आणि आहे तशी शिबिरांत पाठवायचं रद्द झालं. रहिमतपुरात बायका सासूला म्हणाल्या, "काय गं, सुनेनं घोटाळा केला म्हणं?" सासू म्हणाली, "केला. आन तिनंच सायबाच्या तोंडावर सांगितला. तुमच्यातल्या कितीजणींनी सांगितलाय?" बायका उठून गेल्या.

सगळं आटोपल्यावर एके दिवशी क्रांती एसटीनं एकटीच आटपाडीला गेली. हातात कागद नव्हता, काम तर उरलंच नव्हतं. बयाबाईचं औषध सुरू होऊन दीड महिना झाला होता. भर दुपारी ती माळावर बाभळीच्या सावलीत मेंढरं बसवून बसलेली सापडली. क्रांतीनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, न विचारलेला प्रश्न, दोन्ही खुणा, सगळं.

बयाबाईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दिव्याला वंगाळ वाटंल म्हून गप बसलीस."

"व्हय."

"दिवा तासाभरात इझला की गं. मी तितंच हुते. दुसऱ्यांदा आलीस तवा बी हुते."

मेंढरं धापा टाकत होती, ऊन पांढरं पडलं होतं.

"काय इचारायचं हुतं ते आता इचार," बयाबाई म्हणाली. "त्वांडानं इचार. कागुद नगं."

क्रांतीनं तिच्या डोळ्यांत बघितलं आणि एकही शब्द न गाळता विचारलं, "मावशी, मरून गेलेलं बरं, असं तुमच्या मनात येतं का?"

"येतं," बयाबाई म्हणाली. "अजून येतं. बस खाली, सांगते."