पॅनेल आहे, पंप बंद

शरयूताई शिकवत ती बुलढाण्यातली खासगी शाळा बंद पडली, तेव्हापासून त्या मिळेल ते सर्वेक्षणाचं काम करत. यंदाचं काम सौर ऊर्जेचं होतं. उपग्रहाच्या फोटोंत जिथे जिथे सौर पॅनेल असावं असं वाटलं, तिथे संगणकाने खुणा केल्या होत्या. त्या जागी जाऊन पॅनेल खरंच आहे का, एवढंच मोबाइलवर नोंदवायचं. जिल्ह्यात सौर वीज किती वाढली, ते त्यावरून ठरणार होतं.

एप्रिलच्या उन्हात स्कूटी रस्त्यावर ठेवून शेतांच्या बांधांवरून, धुऱ्याधुऱ्याने चालायचं. कधी खुणेच्या जागी शेततळ्याचं काळं प्लास्टिक निघे, कधी गोठ्याचे निळे पत्रे. घरी आल्यावर शरयूताई गार पाण्याच्या बादलीत पाय सोडून नुसत्या बसून राहत.

देऊळघाटला कय्यूमभाईंच्या मळ्यात मात्र पॅनेल होतं. धुळीने माखलेलं, सावलीला बकऱ्या.

"पंप चालतो ना, भाई?"

"कायचा चालते, मॅडम! मागच्या पावसाळ्यापासून बंद हाय. फोन करकरून थकलो. रातच्या विजेच्या लाइनीवरच पाणी देऊन राह्यलो."

मोबाइलवर 'आहे' आणि 'नाही' एवढेच पर्याय होते. शरयूताईंनी कचेरीत देवेशला फोन लावला. त्यांच्या नोंदी तोच तपासत असे.

"ताई, पॅनेल दिसतंय ना? मग 'आहे' करा."

"अरे, पण वीज कुठे आहे?"

"वीज उपग्रहाला दिसत नाही, ताई. मलाही कळतं. पण आकडे उद्या पाठवायचेत."

त्यांनी 'आहे' दाबलं. अमडापूरकडेही असे बंद पंप निघाले, तेव्हा मात्र शरयूताई कचेरीत जाऊन बसल्या. देवेशने शेवटी वर लिहून पाठवलं.

महिन्याभराने त्याने बोलावलं. "तुमचं म्हणणं मान्य झालं, ताई. 'चालू की बंद' हे विचारणार आता. पण…"

"पण काय?"

"सगळीकडे पुन्हा जावं लागेल."

 दुसऱ्या दिवशी शरयूताई पुन्हा देऊळघाटला निघाल्या.

कय्यूमभाईंच्या बायकोने, नूरबीने, पाणी दिलं. "आता तरी पंप चालू होईन का, बाई?"

"माहीत नाही हो. बंद आहे, एवढं कळेल वर."

"हाव, तेवढं तरी कळू द्या."

पुढचं शेत नाल्यापलीकडे होतं. नूरबीने बाजेवर जागा करून दिली. शरयूताई टेकल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत.