मामांनी ताजं पाणी भरलं अन् मी गप्प राहिले

मासे पाळणाऱ्यांच्या या ग्रुपात मी निस्तं वाचते, लिहायलेय पहिल्यांदाच. शाळा आठवीत सुटली, चुकलं तर समजून घ्या.

आज लय दिवसांनी नळ आला. सेलूचे मामा घरी आलते. माशांची काचपेटी बघून म्हणले, "शिळ्या पाण्यात कशे जगतील गं हे?" अर्ध्याहून जास्त पाणी उपसलं अन् नळाची नळी सरळ आत सोडली.

ब्लिचिंगचा वास यायलता. नळाचं पाणी एक दिवस ठेवूनच माशांना द्यायचं, हे मी इथंच वाचलं होतं. पण मोठ्या माणसाला नको कसं म्हणायचं? बघत उभी राहिले.

माझे निऑन टेट्रा मासे कायम घोळक्यानं फिरायचे. आधी ते पांगले, मग वर येऊन तोंड उघडायला लागले. संध्याकाळपर्यंत एकच उरला. तो फिल्टरच्या मागं लपलाय.

मामा लय खट्टू झाले. "माझ्यामुळं मेले का गं?"

"न्हाई मामा, ऊन लय हाय ना."

आता ते म्हणायलेत, उद्या नवे मासे आणतो, पाणी बी मीच भरतो.

त्यांना वाईट न वाटता कसं सांगू? तुमी असता तर काय म्हणला असता?