अवसेची तुळसा

तुळसा कोकणातल्या पावस गावच्या घरात सून म्हणून आली, त्याच आठवड्यात चुलीशी बसल्या बसल्या तिने सासू-सासऱ्यांचं भांडण ऐकलं.

"अवसेला जन्मलेली पोर आणलीत! आता कलमांना मोहर येईल तर शपथ!"

"मोहर काय तिचं पंचांग बघून येतो गो?"

तेव्हापासून तुळसा प्रत्येक नवं काम मुद्दाम अवसेलाच काढायची.

बऱ्याच वर्षांनी, दोन हजार सालाच्या सुमारास, नाक्यावर सिनेमाच्या सीडी भाड्याने देणारं दुकान झालं. एरवी भुताच्या सिनेमासाठी रांग असे, पण अवसेला भूत घरी न्यायला कोणी धजत नसे. तुळसा तेच आणायची. सैतान गळा धरायला आला की शेजारणी किंचाळत, आणि ही ओरडे, "मेल्या, आधी नखं काप!"

"अवसेला असलं अभद्र घरात कशाला?" सासूबाई तिच्या पाठीआडून म्हणत.

"मग माझा पदर सोडा नि आत जा."

पदर काही सुटत नसे.

सासूबाई गेल्या, तुळसाही म्हातारी झाली. तिच्या शेवटच्या अवसेला छातीत कळ येत होती. सून नम्रता म्हणाली, "आई, आज नको, उद्या जा."

"उद्या रांग लागेल गो," म्हणत तिने चपला घातल्या, जुनी सीडी परत केली, आणि नवा सैतान पिशवीत घालून घरी आली.